साडेतीन फूट

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातले जेवणाचे टेबल अकरा दिवस जेवणासाठी मिळाले नाही. टेबलावर दोन संगणक, तीन मोबाइल, तारांचे एक भेंडोळे आणि चिवड्याचा डबा अशी मांडणी होती आणि आम्ही म्हातारा-म्हातारी स्वयंपाकघरात पाट मांडून जेवत होतो. सौ.चे गुडघे आणि पाट यांचे फारसे सख्य नाही. पण नातीच्या कॉलेजातली म्युझिक व्हिडिओची स्पर्धा म्हटल्यावर तिने तेही सोसले. मी एरवी चहा जरा गार आला तरी कुरकुरतो, पण या वेळी चकार शब्द काढला नाही. कारण उघड आहे. पन्नास वर्षांत प्रथमच घरात कोणीतरी मला माझ्या धंद्यातले काही विचारायला आले होते!

मी एकतीस वर्षे चित्रपटांच्या संकलनाच्या खोलीत काढली. वाचकांनी माझे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पडद्यावर ते येई ते ‘सहायक’ या शब्दाखाली आणि त्या वेळी प्रेक्षक अंधारात आपली खुर्ची शोधत असत. १९७१ साली, विसाव्या वर्षी, दादरच्या एका स्टुडिओत शिरलो तो २००२ साली बाहेर पडलो. तोवर आमचे काम संगणक करू लागला होता, आणि त्या वयात नव्या गुरूच्या पायाशी बसण्याची माझी तयारी नव्हती.

तर आता हा संगणक आपण होऊन घरी आला. बरोबर नातीचे सवंगडी. हल्लीच्या मुलांची नावे माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी त्यांना कामावरून ओळखतो. एक ‘कॅमेरा’, एक ‘गाणे’, एक ‘डबा’ (याच्या आईने केलेला चिवडाच आम्ही अकरा दिवस खात होतो), आणि एक ‘ढोलकी’. पैकी ढोलकी आमच्याकडे येत नव्हता. का, ते पुढे येईलच.

मुलांची पक्की समजूत अशी की म्युझिक व्हिडिओ ही परदेशातून आलेली चीज आहे. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले आणि तेव्हापासून गाण्याला चित्र आले, असे ‘कॅमेरा’ने मला ऐकवले. मी म्हटले, “बाबा रे, मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. त्यावर ‘छायागीत’ लागलं की आमच्या चाळीतले जिने ओस पडायचे. ते काय होतं?” १९३५ साली कलकत्त्याला नितीन बोस यांनी ‘धूपछाँव’मध्ये पार्श्वगायन आणले, त्यापूर्वी नटनट्या कॅमेऱ्यासमोर स्वतःच गात आणि वाजवणारे जवळपास आडोशाला बसत. गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे, चित्रीकरणाच्या जागी ते वाजवायचे आणि त्यावर ओठ हलवून घ्यायचे, ही युक्ती एकदा हाती आल्यावर गाण्याचे चित्र कुठेही नेता येऊ लागले. एक ओळ बागेत, दुसरी नावेत, तिसरी गच्चीवर, आणि आवाज मात्र सलग! मुलांनी तरी दुसरे काय केले होते? पहिली ओळ कॉलेजच्या पायऱ्यांवर, दुसरी कॅन्टीनमध्ये आणि उरलेले सगळे गच्चीवर, भर पावसात. गाणे अर्थातच पावसावर होते.

गाण्याची लांबी तीन मिनिटे छत्तीस सेकंद, आणि त्यासाठी मुलांनी टिपलेले चित्र साडेसहा तासांचे! मी हिशोब केला, एकशे आठ पट भरले. म्हणजे जपमाळ पुरी झाली म्हणायची. आमच्या वेळी कच्ची फिल्म परवान्यावर मिळे आणि पाच-सहा पट मिळाली तरी कॅमेरामन खुशीत असे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी असतात आणि सेकंदाला चोवीस चौकटी धावतात, म्हणजे सेकंदाला दीड फूट. मुलांचे गाणे आमच्या मापाने तीनशे चोवीस फूट. ते मुव्हिओलावर चढवायचे, पिवळ्या मेणपेन्सिलीने खूण करायची, कापायचे, सांधायचे. कापलेले तुकडे फेकायचे नसत. एका मोठ्या चौकोनी पेटीत कापडी पिशवी लावलेली असे, वर खिळ्यांची रांग, त्या खिळ्यांना ते तुकडे टांगायचे. या पेटीला आम्ही ‘बिन’ म्हणत असू. कुठला तुकडा कुठल्या खिळ्यावर आहे हे तोंडपाठ असणे, हेच सहायकाचे अर्धे शिक्षण.

मुलांच्या प्रोग्रामचे नाव ‘दा विंची रिझॉल्व्ह’. तो फुकट मिळतो म्हणे. नाव ऐकून मला मोनालिसा आठवली. पण आत डोकावलो तर तुकडे ठेवण्याच्या कप्प्याला त्यातही ‘बिन’च म्हणतात, आणि कापण्याच्या हत्याराचे चित्र ब्लेडचे! पेटी गेली, पिशवी गेली, खिळे गेले, आणि नाव तेवढे राहिले. परक्या गावात आपल्या गल्लीतला माणूस भेटावा तसे मला वाटले. त्या दिवसापासून मी खुर्ची ओढून तिथे बसू लागलो.

पहिली अडचण ओठांची निघाली. गाण्याच्या सुरुवातीला ओठ आणि शब्द नीट जुळत, पण कडव्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओठ मागे पडत. मुलांनी दोन दिवस डोकी धरली. खरी भानगड मोबाइलची होती. तो सेकंदाला तीस चित्रे घेतो असे सांगतो खरा, पण उजेड कमी झाला की गुपचूप कमी घेऊ लागतो, उजेड आला की पुन्हा तीसवर जातो. आमचा कॅमेरा असा चालीला लबाड नव्हता. उपाय ‘कॅमेरा’नेच शोधला. सगळे चित्र आधी सेकंदाला पंचवीस अशा एकाच ठाम गतीला आणून घ्यायचे आणि मग कामाला लागायचे. त्यासाठी संगणक रात्रभर घरघरत होता आणि सौ. विचारत होती, “हे जळणार तर नाही ना?”

दुसरी अडचण जुळणीची होती. एरवी प्रोग्राम आवाज ओळखून चित्र आपोआप गाण्याशी जुळवतो. पण गच्चीवर मोबाइल छत्रीखाली आणि छत्रीवर पावसाचा तडतडाट; त्यात स्पीकरवरचे गाणे बुडून गेलेले. अशा वेळी आमच्याकडे पाटी असे. तिच्या दोन फळ्या मिटल्या ती चौकट आणि ‘ठक्’ झाले तो क्षण, दोन्ही एका रेषेत आणले की झाले. मुलांकडे पाटी नव्हती, पण ढोलकी होता. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक काटकुळा मुलगा कॅमेऱ्यासमोर येई, भिजलेले केस मागे सारी, दोन्ही हात उंच करून ठेक्यात एक टाळी देई आणि ढोलकी सावरत पळत आपल्या जागी जाऊन उभा राही. असे एकेचाळीस तुकडे, एकेचाळीस टाळ्या. आम्ही त्या टाळ्यांवर सगळे चित्र बसवले. तीन दिवस आमच्या घरात त्याच्याइतका दुसऱ्या कोणाचा चेहरा पाहिला गेला नसेल.

आणि चौथ्या दिवशी नात म्हणाली, “आजोबा, आता याला काढायचा. कुठंही दिसता कामा नये.”

भांडणाची हकीगत तुकड्यातुकड्यांनी माझ्या कानावर आली. अंतऱ्याची चाल आपली, असे ढोलकीचे म्हणणे. आणि चित्रीकरण झाल्यावर जी जाहिरात निघाली तीत संगीतकार म्हणून एकट्या ‘गाणे’चे नाव आले. कॅन्टीनमध्ये शब्दाला शब्द लागला. ढोलकी जे बोलला ते बोलायला नको होते, हे मलाही मान्य आहे. मग त्याने ग्रुप सोडला. पूर्वी माणसे रागावली की घर सोडून जात, आता ग्रुप सोडतात. परत यायला दोन्ही सारखेच अवघड.

काढायला हरकत काहीच नव्हती. हल्लीचे चित्र एवढे मोठे टिपलेले असते की कडा छाटून उरलेले पडदाभर करता येते. नातीने दोन दिवसांत ढोलकीला इतक्या सफाईने छाटला की मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी पोटात कुठेतरी कालवल्यासारखेही झाले. एका जागी त्याचा फक्त कोपर राहिला होता. तोही तिने नेमका हेरला.

छाटाछाट झाली तरी गाणे काही उभे राहीना. दोनशे बारा कट होते! ‘कॅमेरा’ने ठेक्याच्या खुणा करून बहुतेक प्रत्येक दुसऱ्या खुणेवर कट घातला होता. मी म्हटले, “अरे, डोळ्याला बसू तर द्या!” आमचे वस्ताद म्हणत, मात्रेवर पाय पडायचा असेल तर तो आधी उचलावा लागतो, कट एक-दोन चौकटी आधी घे, म्हणजे नवे चित्र मात्रेवर स्थिर झालेले असेल. वॉल्टर मर्च या नामांकित अमेरिकन संकलकाने आपल्या पुस्तकात लिहिले आहे की जिथे आपल्याला कट घ्यावासा वाटे, तिथेच पुष्कळदा नटाची पापणी मिटलेली आढळे. वस्तादांनी ते पुस्तक पाहिलेही नसेल, पण कट कुठे घ्यायचा ते त्यांना असेच कळे. आम्ही कट नव्वदावर आणले, ते मुख्यतः आवर्तनाच्या सुरुवातीला ठेवले. गाणे पुष्कळ शांत झाले. तरीही अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसे प्रत्येक ओळीला काहीतरी चुकत होते. माझ्या कानांना ते बोलून दाखवता येईना. वयाचा दोष, असे मी मनाशी म्हटले.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून उठून कपाटातला बिस्किटांचा जुना डबा काढला. या डब्याविषयी सौ.खेरीज कोणाला माहीत नव्हते.

१९७४ सालची गोष्ट. एका रंगीत चित्रपटाचे समूहनृत्याचे गाणे आमच्या टेबलावर होते. मागच्या रांगेत तिसरी एक मुलगी होती, गिरगावात राहणारी. एका तुकड्यात कॅमेरा रांगेवरून सरकत येतो आणि तिच्यापाशी जरा थबकतो, तेव्हा ती हसते. एवढेच. मोजून साडेतीन फूट. दुसऱ्या कोणाला ते हसू दिसलेही नसते; पण तिला चित्रीकरणाच्या वेळीच कळले होते की आज कॅमेरा आपल्यापाशी थांबला. दोन दिवसांनी ती संकलनाच्या खोलीच्या दाराशी आली. आत यायची परवानगी नसे. दारातूनच म्हणाली, “दादा, माझा तुकडा आहे ना?” मी बिनमधून तो काढून तिला दिव्यापुढे धरून दाखवला आणि म्हटले, “आहे की! पक्का आहे.”

पुढे चित्रपट लांबला. गाण्याचे एक कडवे काढा, असे वरून फर्मान आले आणि त्या कडव्याबरोबर ते साडेतीन फूटही गेले. यात कोणाचा दोष नव्हता. संकलन म्हणजे काढणेच. हृषीकेश मुखर्जी दिग्दर्शक होण्यापूर्वी बिमल रॉय यांच्याकडे संकलक होते, १९५३ सालचा ‘दो बिघा ज़मीन’ त्यांनीच संकलित केला, त्यांनाही काढावे लागलेच असेल. काढल्याचे मला काही वाटत नाही. पण मी तिला सांगितले नाही. सांगायचे होते, ती दोनदा स्टुडिओच्या आवारात दिसलीही. प्रत्येक वेळी मला घाईचे काही काम आठवले.

चित्रपट लागल्यावर महिनाभराने ती चहाच्या टपरीपाशी भेटली. रागावली नाही. म्हणाली, “दादा, पुढच्या खेपेला सांगा हं. बाल्कनीची सात तिकिटं काढली होती. आईला पहिल्यांदाच सिनेमाला नेलं.” आणि हसली. तेच हसू, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. दुसऱ्या दिवशी मी पेट्या उपसून तो तुकडा शोधला आणि खिशात घातला. तो स्टुडिओच्या मालकीचा होता, म्हणजे ही चोरीच. तिला द्यायचा होता. नंतर ती कधी दिसली नाही.

सकाळी नातीने मला डब्यासकट टेबलाशी बसलेला पाहिला. मी फिल्म तिला खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. त्या काळच्या रंगीत फिल्मचे निळे-हिरवे रंग आधी उडतात आणि सगळे गुलाबी होऊन बसते; शिवाय तिला आंबट, शिर्क्यासारखा वास येऊ लागतो. नातीने नाक मुरडले आणि विचारले, “ही कोण?” मी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पण आजोबा, तिनं तुम्हांला शिव्या नव्हत्या दिल्या. त्यानं आम्हांला दिल्यात.”

“नव्हत्या दिल्या, खरं आहे,” मी म्हटले. “तू काढ. तुझं चित्र आहे. फक्त त्याला सांगून काढ.”

ती उठून गॅलरीत गेली. चाळीस मिनिटे फोन चालला होता. सौ.ने तेवढ्यात पोहे केले आणि झाकून ठेवले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. आत येऊन नात एवढेच म्हणाली, “काढा म्हणतो. पण एकदा बघायला येणार आहे.”

तो संध्याकाळी आला. चपला दाराबाहेर अगदी कडेला काढल्या, माझ्या पाया पडला आणि भिंतीशी उभा राहिला. कोणी कोणाशी बोलेना. ‘गाणे’ मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. नातीने चित्र लावले. ढोलकीने पहिली ओळ पाहिली आणि नंतर डोळेच मिटले. मला वाटले, मुलाला स्वतःचे छाटलेपण बघवत नाही. गाणे संपल्यावर तो म्हणाला, “सगळे कट खालीवर पडलेत.”

“म्हणजे?”

“मुखडा समेवर नाही, पाचव्या मात्रेवर सुरू होतो. तुम्ही पहिल्या शब्दापासून मोजलंत. मी टाळी कुठं दिली होती बघा. टाळीपासून मोजा.”

केहरवा आठ मात्रांचा. पहिल्या मात्रेवर सम, तिथे टाळी; पाचवीवर खाली, तिथे हात रिकामा. मुलाने एकेचाळीस वेळा पावसात उभे राहून सम आम्हांला हाताने दाखवली होती, आणि आम्ही त्या टाळीवर चित्र जुळवून घेऊन ती टाकून दिली होती! प्रोग्रामला पहिला शब्द म्हणजे पहिली मात्रा वाटली. मला जी पायरी चुकल्यासारखी वाटत होती ती हीच.

गाण्याची लय अशी होती की एक मात्रा म्हणजे बरोबर पंधरा चौकटी. प्रत्येक सांधा चार मात्रा, म्हणजे साठ चौकटी सरकवायचा. पण ओठ जागचे हलता कामा नयेत. म्हणजे चित्र तिथेच ठेवून फक्त कापण्याची जागा पुढे न्यायची. काही ठिकाणी पुढचे चित्रच अपुरे पडले, तिथे नवे तुकडे शोधावे लागले. या कामाला दोन रात्री गेल्या. ढोलकी दोन्ही रात्री होता, मात्रा मोजत. ‘गाणे’ आणि तो एकमेकांशी बोलत होते ते फक्त आकड्यांत. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमारास सगळे जुळले आणि नातीने चित्र पहिल्यापासून लावले. गंमत अशी की सम सापडल्याबरोबर ढोलकीची जागा रिकामी दिसू लागली. कट समेवर येई आणि डोळा आपोआप वाजवणाऱ्याला शोधी. ‘डबा’च पहिल्यांदा म्हणाला, “याला परत घ्यावा लागणार.”

सगळीकडे नाही घेतला. सात तुकड्यांत घेतला, आणि अगदी सुरुवातीला, गाणे सुरू होण्यापूर्वी, भिजलेल्या केसांची एक टाळी. अंतऱ्याच्या चालीचा वाद मिटला असे मात्र समजू नका. नामावळीत दोघांची नावे आहेत, पण कोणाचे वर यावर पुन्हा एक दिवस गेला. स्पर्धेत त्यांना काही मिळाले नाही. परीक्षकांना गाणे ‘संथ’ वाटले म्हणे. ढोलकी अजून ग्रुपमध्ये परतलेला नाही. घरी मात्र येतो; सौ.च्या पोह्यांवर त्याचा लोभ जडला आहे.

गणपतीच्या सुमारास नातीने डबा मागून घेतला. त्या फिल्मच्या एकेका चौकटीचा खिडकीपाशी मोबाइलने फोटो घेतला, सगळ्या छप्पन्न. ते एकापुढे एक लावून सेकंदाला चोवीसच्या गतीने चालवले आणि गुलाबी रंग जेवढा निवळता येईल तेवढा निवळला. मग मला हाक मारली. सव्वादोन सेकंदांहून जरासे जास्त. कॅमेरा रांगेवरून सरकत येतो, थबकतो, आणि ती हसते. हसताना ती डावा डोळा किंचित बारीक करते, हे पन्नास वर्षांत मी विसरलो होतो. चौकट हातात धरून ते दिसत नाही.

ती आता माझ्याच वयाची असेल. १९७४ साली गिरगावात राहत होती, सात तिकिटे काढली होती, आई बरोबर होती. हा अंक तिच्या किंवा तिच्या घरच्या कोणाच्या हाती पडला तर माझा पत्ता संपादकांकडे आहे. तुकडा तयार आहे.